पोटरी धरते तिथून पुढे

सकाळचे सहा वाजायचे आहेत. सेलू तालुक्यातल्या एका गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर साठी ओलांडलेले एक काकाजी चालत आहेत. पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट. या बुटांची गावात बरीच चर्चा झालेली आहे. त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, वर्ध्याहून स्कुटीवर आलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम. रस्त्याच्या कडेने विजेचे खांब आहेत आणि दोघांचं सगळं मोजमाप त्या खांबांवर चालतं.

पहिला खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्या खांबाशी काकाजींची चाल बदलली. डावं पाऊल किंचित ओढलं जाऊ लागलं, खांदा त्या बाजूला झुकला.

"किती झालं?" मॅडमनी विचारलं.

"दोन."

थोडं पुढे गेल्यावर "तीन." आणि चौथ्या खांबाच्या अलीकडे, दात आवळून, "चार झालं मॅडम, आता नाही होत."

"थांबा काकाजी. बसा."

ते पुलियाच्या कठड्यावर टेकले. दोन्ही हातांनी डावी पोटरी धरली. ती चोळायची नाही, नुसतं बसून राहायचं, असं त्यांना सांगितलेलं आहे. मॅडम मोबाइलच्या घड्याळाकडे पाहत होत्या. तीन-साडेतीन मिनिटांत काकाजींचा चेहरा सैल झाला. "शून्य," ते म्हणाले आणि कुणी न सांगता उठले. पुन्हा पाचवा खांब, सहावा खांब, पुन्हा "दोन", "तीन", "चार".

"पयले तं दुसऱ्या खांबालेच बसत होतो," त्यांनी मला सांगितलं. "वाटे, आता हा पाय काही कामाचा नाही राह्यला. आता चौथ्यापर्यंत जातो. गोळा येतेच जी, पण उशिरा येते."

हे आकडे पाचापैकी आहेत. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, पाच म्हणजे सोसवत नाही. काकाजींच्या डाव्या मांडीतली मुख्य धमनी अरुंद झाली आहे. पोटरीला पुरेसं रक्त पोचत नाही, म्हणून चाललं की दुखतं. त्यावर त्यांना दिलेल्या उपचारांतला मोठा भाग हाच आहे : दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा दुखेपर्यंत चालायचं.

यंदाच्या अंकाचा विषय 'चालणं' ठरला, तेव्हा संपादकांनी मला वर्ध्याला जायला सांगितलं. गांधीजी आणि विनोबा यांच्या जिल्ह्यात या विषयाला तोटा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी गेले, पण शोधलं ते ज्यांचं चालणं अडलं आहे अशा माणसांना. दुखणारा पाय घेऊन चालत राहणं हा उपचार असू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी घरांत पोचली आहे आणि ती न पोचल्यामुळे बरीच माणसं खाटेवर बसून आहेत.

"नस दबली असंल"

काकाजींचं दुखणं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वीच्या कापसाच्या हंगामात. शेत घरापासून दीड किलोमीटरवर. अर्ध्या वाटेत पोटरीत गोळा यायचा. पाच मिनिटं बांधावर उभं राहिलं की जायचा. त्यांनी आधी तेल लावलं. मग गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शनं घेतली, ताकदीच्या गोळ्या घेतल्या. कुणी सांगितलं नस दबली असंल, म्हणून कमरेचा एमआरआय झाला. साठीतल्या शेतकऱ्याच्या कमरेच्या चित्रात काहीतरी झिजलेलं दिसतंच, तसं दिसलं. पट्टा आला. आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "आराम करा." त्यांनी तो केला. शेतात जाणं सोडलं, बाजार सोडला, पारावर बसणं तेवढं राहिलं. वर्षभराच्या आरामानंतर पाच खांबांवर येणारी कळ दोन खांबांवर आली.

कमरेतून येणारं दुखणं आणि रक्त कमी पडल्याने येणारं दुखणं यांत फरक करायला बहुतेक वेळा यंत्र लागत नाही, नीट ऐकणारा माणूस लागतो. कमरेत नस दाबली गेली असेल तर नुसतं उभं राहूनही दुखतं. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो, सायकल चालवायला त्रास होत नाही. रक्त कमी पडत असेल तर दुखणं ठरावीक अंतरावर येतं आणि नुसतं थांबलं तरी जातं, बसावं लागतंच असं नाही. चढावर ते लवकर येतं. रात्री पाय जळजळणं, मुंग्या येणं हे बहुतेकदा मधुमेहाने मज्जातंतूंना केलेल्या इजेचं लक्षण. आणि शिरा फुगून पाय जड होत असतील तर ते दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी वाढतं, पाय वर घेतला की कमी होतं. एकाच माणसात यातल्या दोन गोष्टी असू शकतात, ही खरी अडचण.

यानंतरची तपासणी एका मिनिटाची आहे. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, एक नाडी लागते. आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. मॅडमनी काकाजींच्या उजव्या पावलावर माझं बोट ठेवलं. टिक टिक लागली. डाव्या पावलावर ठेवलं. त्वचा थंड, पोटरीखालचे केस गेलेले, नखं जाड. बोटाखाली काहीच नाही. अनेक डॉक्टरांच्या हाताखालून गेलेल्या या माणसाचा पायजमा वर करून पावलावर बोट ठेवणाऱ्या त्या पहिल्याच.

पुढची तपासणी दंडाच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना. रुग्णाला दहा मिनिटं आडवं झोपवायचं, दंडाला बांधतात तोच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा आणि स्टेथोस्कोपच्या जागी हातात धरायच्या लहान डॉप्लर यंत्राने नाडी ऐकायची. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा किंचित जास्त असतो. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी आला की पायाच्या धमन्यांचा आजार आहे असं धरतात. ०.४च्या खाली गेला की पाय धोक्यात आहे. मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठून त्या कडक होतात आणि आकडा फसवा, १.४च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

डॉप्लरचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. चांगल्या धमनीत तो ठसठशीत, प्रत्येक ठोक्याला दोन-तीन सुरांत फुटणारा. काकाजींच्या घोट्यापाशी एकच लांबट, दबका सुस्कारा.

टेलचं शेत

स्वस्थ बसलेल्या पोटरीला रक्त फार लागत नाही. अरुंद झालेली धमनीही तेवढं पुरवते, म्हणून बसल्या जागी काही दुखत नाही. चालायला लागलं की स्नायूची मागणी कित्येक पटींनी वाढते. निरोगी धमनी तेवढी रुंदावते, मेणासारखी चरबी साचलेली धमनी रुंदावू शकत नाही. स्नायूला प्राणवायू कमी पडतो, आम्ल साचतं, कळ येते. थांबलं की मागणी उतरते, साचलेलं वाहून जातं, कळ ओसरते.

मग तीच कळ मुद्दाम आणून फायदा कसा होतो? बहुतेकांना वाटतं, अगदी काही डॉक्टरांनाही, की चालण्याने अडथळ्याच्या बाजूने नव्या वाटा फुटतात आणि रक्त वाढतं. थोडंफार तसं होतही असेल, पण बारा आठवडे चालून दुप्पट अंतर कापणाऱ्या रुग्णांचा घोट्याचा दाब पुन्हा मोजला तर तो बहुधा होता तेवढाच निघतो. अडथळा जागच्या जागी असतो. बदलतो तो स्नायू.

सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्यांना हे समजावताना मॅडम बोर धरणाच्या कालव्याचा दाखला देतात. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी कमीच पोचतं. कालवा रुंद करणं त्या शेतकऱ्याच्या हातात नसतं, पण ठिबक टाकून आहे त्या पाण्यात तो जास्त पीक काढू शकतो. दुखेपर्यंत चाललेल्या स्नायूचं तसं होतं. पेशींत प्राणवायू वापरणारी यंत्रणा वाढते, केशवाहिन्या दाट होतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुधारून त्या जरा जास्त सैलावू लागतात. शिवाय चालण्याची लय सुधारते आणि तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते. हे सगळं व्हायला स्नायूला वारंवार थोडी टंचाई जाणवावी लागते. म्हणून दुखण्याच्या अलीकडेच थांबणाऱ्याला हा लाभ फारसा मिळत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर बरीच वर्षं वाद होता. अमेरिकेत ३०५ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो बराचसा मिटवला. एका गटाला घराजवळ कळ येईल अशा वेगाने चालायला सांगितलं, दुसऱ्याला न दुखेल अशा बेताने, तिसऱ्याला व्यायाम दिला नाही. वर्षअखेर सहा मिनिटांत किती अंतर जाता येतं ते मोजलं. कळ आणून चालणाऱ्यांचं अंतर सरासरी ३४ मीटरने वाढलं. बेताने चालणाऱ्यांचं वाढलंच नाही. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. या लोकांना रोज कोणी दवाखान्यात बोलावत नव्हतं. मार्गदर्शन मुख्यतः फोनवरून होत होतं. वर्ध्याच्या दृष्टीने मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कल्पना तशी जुनी आहे. लार्सन आणि लासेन या डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक लहानसा प्रयोग छापला : काही रुग्णांना रोज चालायला सांगितलं, काहींना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. चालणाऱ्यांचा पाय सुधारला. त्यानंतर कितीतरी अभ्यास झाले. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचं न दुखता चालण्याचं अंतर सरासरी ८२ मीटरने आणि एकूण अंतर १२० मीटरने जास्त निघालं. १२० मीटर ऐकायला कमी वाटतात. काकाजींच्या हिशेबाने ते अंदाजे तीन खांब होतात, आणि त्यांच्या घरापासून किराणा दुकान तेवढंच लांब आहे.

बिडी, खर्रा आणि बधिर पाऊल

हिंगणघाटकडच्या एका गावात बांधकामावर जाणारा चाळिशीच्या आतला एक गवंडी भेटला. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काढलेली आहेत. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. चौदाव्या वर्षापासून बिडी. त्याला झालेला आजार वेगळा. लिओ बर्गर या डॉक्टराने १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याच्याच नावाने ओळखला जातो. यात मेण साचत नाही. तंबाखूच्या चिथावणीने हातापायांच्या लहान-मध्यम धमन्या सुजतात आणि गुठळ्यांनी बंद होतात. बहुतेक रुग्ण तरुण पुरुष, बिडी-सिगारेट ओढणारे. यावरचा खरा उपचार एकच, तंबाखू पूर्ण सोडणं. कमी करून भागत नाही.

"बिडी सोडली, खर्रा खातो थोडासा," तो म्हणाला. विदर्भात हे वाक्य सर्रास ऐकू येतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा चौकाचौकात मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा घोटणं काही थांबलेलं नाही. धूर नाही म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत आहे. निकोटीन रक्तात तोंडावाटेही जातं आणि रक्तवाहिन्या आवळतं. बंद पडत आलेल्या धमनीच्या माणसाने कोणत्याही रूपात तंबाखू घेणं म्हणजे उरलेली बोटं पणाला लावणं. गवंड्याला हे त्याच्या बायकोसमोर स्पष्ट सांगितलं गेलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. बायको मात्र बोलली. "मी तं रोज सांगतो, मायं कोन ऐकते?"

नेहमीच्या धमनीविकारातही तंबाखू पहिला आरोपी आहे आणि मधुमेह दुसरा. मधुमेहात आणखी एक संकट असतं. पाऊल बधिर होतं, काटा टोचल्याचं कळत नाही, आणि रक्त कमी असल्याने जखम भरत नाही. अशा पायाला चालायला लावताना बूट-मोजे सक्तीचे. घरी आलं की पाऊल उजेडात धरून बोटांच्या बेचक्यांसकट तपासायचं. वर्धा जिल्ह्याला बधिर पावलाची ओळख जुनी आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पावलांसाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला तयार झाल्या, त्याच आज मधुमेहींना देतात. काकाजींच्या गावात मात्र शेतात अनवाणी जाण्याची रीत अजून मोडलेली नाही.

डोस

चालण्याला औषध म्हणायचं तर त्याचा डोस हवा. तो ठरलेला आहे. सपाट रस्ता. तीन ते पाच मिनिटांत कळ सुरू होईल एवढा वेग. कळ तीन-चारवर जाईपर्यंत चालायचं, पूर्ण शून्य होईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. विश्रांतीसकट सुरुवातीला अर्धा तास, हळूहळू वाढवत पाऊण ते एक तास. आठवड्यातून निदान तीन दिवस. निदान बारा आठवडे. आठ-दहा मिनिटं न दुखता चालता येऊ लागलं की वेग वाढवायचा किंवा चढ घ्यायचा. आणि बारा आठवड्यांनी थांबायचं नाही. चालणं सुटलं की मिळालेलं अंतरही जातं.

पहिले तीन आठवडे सगळ्यांत अवघड असतात, असं मॅडम सांगतात. अंतर वाढत नाही, दुखतं मात्र रोज. घरचे म्हणतात, कशाला म्हाताऱ्याला छळता. बरेच लोक इथेच सोडतात. म्हणून त्या पहिल्या दिवशीच खांब मोजून वहीत लिहून ठेवतात आणि ती वही रुग्णाच्याच घरी राहते. काकाजींची वही मी पाहिली. नातीने शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले आहेत : तारीख, खांब, किती वेळा थांबले. सातव्या आठवड्यात एका दिवशी खांबांच्या रकान्यात 'पाऊस' असं लिहिलेलं आहे आणि शेजारी 'शाळेच्या व्हरांड्यात १४ फेऱ्या'.

मग धमनीत फुगा घालून किंवा जाळी बसवून ती उघडता येत असताना एवढी यातायात का? हा प्रश्न काकाजींच्या मुलाने मला विचारला. उत्तर असं की कमरेखालच्या मोठ्या धमन्या अरुंद झालेल्या १११ रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, देखरेखीखाली व्यायाम करणारे पूर्वीपेक्षा सरासरी ५.८ मिनिटं जास्त चालू लागले होते, जाळी बसवलेले ३.७ मिनिटं, केवळ औषधांवरचे १.२ मिनिटं. दीड वर्षाने पहिल्या दोन्ही गटांतला फरक उरला नाही. नंतर नेदरलँडमधल्या अभ्यासात दोन्ही उपाय मिळून केल्यास फायदा अधिक दिसला. म्हणजे फुगा वाईट नाही. काहींना तो लागतोच. पण चालणं वगळून नुसता फुगा करून घेणं हा अर्धा उपचार आहे.

आणि चालण्याबरोबर गोळ्याही हव्यात. चरबी उतरवणारी स्टॅटिनची गोळी, रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, साखर आणि रक्तदाब आटोक्यात. कारण पायाची धमनी एकटी बिघडत नाही. चालताना पोटरी धरणाऱ्यांत पाच वर्षांत पाय गमावणारे शंभरात एक-दोनच असतात, पण पाचांपैकी एकाला तेवढ्या काळात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो. डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाने हृदयाच्या धमन्या आणि चालणं यांचं नातं मराठी घराघरांत पोचवलं. पायाच्या धमन्यांबद्दल एवढं बोललं गेलं नाही, आणि कधी कधी आधी बोलतात त्या पायाच्याच.

बाई कुठं निघाली?

चालायला जागा लागते, असं म्हटलं तर खेड्यातला माणूस चकित होतो. सगळं गावच मोकळं. पण या आजारात चालण्याइतकीच बसण्याची जागा महत्त्वाची आहे. दर शंभर-दीडशे मीटरवर टेकायला काही हवं, नाहीतर भर रस्त्यात कळ आलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर पडत नाही. काकाजींच्या रस्त्यावर पुलिया आहे, देवळाचा ओटा आहे, आमदार निधीतला सिमेंटचा बाक आहे. पलीकडच्या गावाच्या रस्त्यावर यातलं काहीच नाही, तिथले रुग्ण घरासमोर फेऱ्या मारतात. वर्धा शहरात सोय बरी. गोपुरीतल्या गीताई मंदिराच्या आणि विश्वशांती स्तूपाच्या परिसरात सपाट वाटा आणि सावली आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर इथे चालणं अशक्य. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला धरतो. कुत्री आहेत. पण सगळ्यांत मोठी अडचण मला देवळी तालुक्यातल्या एका मावशींनी सांगितली. वय पंचावन्न, मधुमेह बारा वर्षांपासून, दोन्ही पोटऱ्या धरतात. "माणूस चालाले निघाला तं कोनी काही म्हणत नाही. बाई निघाली का दहा जण विचारते, कुठं चालली? काय सांगू, दुखाव्याले चालली?" त्यांनी तोडगा काढला. हातात रिकामा डबा घेऊन निघायचं. डबा असला की कोणी विचारत नाही, बाई कामाला चालली आहे. पुढे बचत गटातल्या दोघी-तिघी सोबत येऊ लागल्या. त्यांचे पाय दुखत नाहीत, साखर आहे म्हणून येतात. आता डबा लागत नाही.

बायकांमधला हा आजार उशिरा सापडतो. दिवसभर कापूस वेचून, निंदण करून आलेल्या बाईने पाय दुखतात म्हटलं तर ते कामाच्या खात्यावर जमा होतं. मावशींनी तर कळ टाळण्यासाठी चालच इतकी मंद केली होती की डॉक्टरांनी "चालताना दुखतं का?" विचारलं तेव्हा त्या खरेपणाने नाही म्हणाल्या होत्या.

सोबत कोण चालणार?

१९३६च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले ते पायी. पुढे सेगावचं सेवाग्राम झालं आणि तिथलं सकाळ-संध्याकाळचं फिरणं आश्रमाच्या दिनक्रमात ठरून गेलं. विनोबा १९५१ मध्ये पवनारहून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना पोचमपल्लीला १८ एप्रिलला पहिलं भूदान मिळालं आणि ते पुढची तेरा वर्षं चालत राहिले. या जिल्ह्यात चालण्याला प्रतिष्ठा आहे. ती दवाखान्याच्या चिठ्ठीवर उतरलेली मला हवी आहे.

आणि त्यासाठी लागणारी माणसं इथे आहेत. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. याच संस्थेने गावकऱ्यांकडून सुगीत ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवून दाखवला. सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. गावोगाव आशाताई आहेत. तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोगांची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्या तपासणीत पावलावरच्या नाडीवर बोट ठेवणं नाही. ते यावं, निदान मधुमेही आणि तंबाखू घेणाऱ्यांसाठी. त्याला ना सुई लागते ना पट्टी.

दुसरी गोष्ट पैशांची. आपल्या आरोग्य योजना शस्त्रक्रिया आणि प्रक्रियांभोवती बांधलेल्या आहेत. धमनी उघडली तर रुग्णालयाला पैसे मिळतात. फिजिओथेरपिस्टने बारा आठवडे रुग्णाला चालवलं तर त्याचं पेट्रोल कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकेच्या मेडिकेअरने २०१७ पासून या आजारासाठी बारा आठवड्यांतली ३६ सत्रं खर्चात धरली आहेत. नेदरलँडमध्ये यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टांचं देशभर जाळं आहे आणि विमा त्यांना पैसे देतो. श्रीमंत देशांनी हे दयेपोटी केलेलं नाही, स्वस्त पडतं म्हणून केलं. आपल्याला ते त्याहून स्वस्त पडेल. पहिले दोन-तीन आठवडे कोणी सोबत चाललं आणि नंतर आठवड्याला एक फोन केला, तर बाकीचं काम नातीची वही करते.

कधी चालायचं नाही

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. रात्री झोपेत पाऊल दुखून जाग येत असेल, पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्यावर बरं वाटत असेल, बोट काळं-निळं पडलं असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर चालण्याचा व्यायाम नको, त्याच आठवड्यात मोठं रुग्णालय गाठा. अचानक पाय पांढरा, थंड आणि बधिर पडला तर त्याच तासाला. तिथे धमनी उघडणं हाच पाय वाचवण्याचा मार्ग आहे. आणि चालायला सुरुवात करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या. चालताना छातीत दुखलं किंवा दम कोंडला तर तिथेच थांबा. ज्यांना चालणं शक्यच नाही त्यांना हाताने पायडल फिरवण्याच्या व्यायामानेही फायदा झालेला आहे.

बाकीच्यांसाठी विनंती एवढीच. घरात पन्नाशीपुढचं कोणी बिडी ओढत असेल, खर्रा खात असेल किंवा साखरेचं दुखणं असेल आणि चालता चालता मध्येच उभं राहत असेल, तर "आराम करा" म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, पायजमा किंवा लुगडं घोट्याच्या वर घ्यायला लावा आणि सांगा, "डॉक्टर, पायाची नाडी पाहा." नाडी लागली नाही आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर पहिला महिनाभर तुम्ही सोबत चाला.